फिल्मवरची अंगठी

सकाळची शाळा, प्रार्थनेची रांग. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या उजव्या हाताचा अंगठा फडफडू लागतो. मग मनगट, मग कोपर. तोंड एका बाजूला ओढलं जातं, दातखीळ बसते आणि तो रांगेतच कोसळतो. कोणी चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरतं, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतं, शिपाई कांदा फोडायला धावतो. तीन-चार मिनिटांत सगळं शांत होतं. मुलगा झोपेतून उठल्यासारखा इकडेतिकडे बघतो आणि बाई त्याच्या घरी निरोप धाडतात. १९८०च्या दशकात घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या शाळांत शिकलेल्या बहुतेकांनी असं एखादं दृश्य पाहिलेलं आहे. चप्पल आणि कांदा यांचा काडीचा उपयोग नव्हता. आकडी तिच्या वेळेने थांबायची आणि श्रेय कांद्याला मिळायचं.

पुढचा प्रवासही ठरलेला असे. फॅमिली डॉक्टर गार्डिनाल किंवा एप्टोइन ही फिटची गोळी सुरू करत आणि चिठ्ठीवर मोठ्या इस्पितळाचं नाव लिहीत. मुलुंड-घाटकोपरचे लोक स्लो लोकलने परळला उतरून केईएम किंवा वाडिया गाठत. जे.जे.ला जायचं तर भायखळा. बोरिवली-अंधेरीकडचे एल्फिन्स्टन रोडला उतरत. स्कॅनची यंत्रं तेव्हा मोजकीच होती. खर्च मध्यमवर्गीय घराला हादरवणारा होता. कोणी भिशी मोडे, कोणी पीएफमधून उचल घेई. मग मोठ्या खाकी लिफाफ्यात ती काळी फिल्म येई. पांढऱ्या कवटीच्या आत करडा मेंदू, आणि त्या करड्यात, शिरेतून दिलेल्या औषधामुळे उजळलेलं, लहान मुलीच्या बोटातल्या अंगठीएवढं एक पांढरं वर्तुळ. भोवती सुजेचा गडद डाग.

मला या अंगठीची गोष्ट सांगायची आहे. ती गेल्या पन्नास वर्षांतल्या भारतीय वैद्यकातली एक मोठी शोधकथा आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत जवळजवळ काही लिहिलं गेलेलं नाही.

यंत्र विलायतेहून आलं होतं. आपल्याकडे घरोघरी ज्यांच्या एचएमव्हीच्या तबकड्या वाजत, त्या ईएमआय कंपनीतला गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा अभियंता. डोक्याभोवती क्ष-किरणांचा झोत फिरवायचा, प्रत्येक कोनातून किती किरण पार झाले ते मोजायचं आणि त्या मापांतून संगणकाने आतलं चित्र उभं करायचं, ही त्याची युक्ती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन या उपनगरातल्या ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळात पहिल्या रुग्णाचा मेंदू असा दिसला. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. त्याआधी जिवंत मुलाच्या मेंदूत डोकावण्याची जी साधनं होती, ती आठवली तरी अंगावर काटा येतो. एक साधन म्हणजे पाठीच्या मणक्यातून हवा भरून ती मेंदूच्या पोकळ्यांत चढवायची आणि एक्स-रे काढायचा. मूल पुढे दोन-दोन दिवस डोकेदुखीने आणि उलट्यांनी हैराण असे. त्यातही लहान गाठ दिसायची नाहीच. हान्स बर्गरने शोधलेला ईईजी १९२९पासून जगाला ठाऊक होता, पण तो मेंदूतली वीज दाखवतो, मेंदूतली वस्तू दाखवत नाही.

म्हणजे वाटाण्याच्या दाण्याएवढी गाठ पहिल्यांदाच डोळ्यांना दिसली. ती कसली, हे मात्र फिल्मवर लिहिलेलं नव्हतं.

मुंबईतल्या डॉक्टरांनी तिला क्षयाची गाठ म्हटलं. त्यांना आज दोष देणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं, कारण त्यांनी काय पाहिलं होतं ते आपण पाहिलेलं नाही. केईएमचे मेंदूशल्यविशारद होमी दस्तूर आणि त्यांचे सहकारी अनिल देसाई यांनी १९६५ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक तुलना छापली: मेंदूतल्या क्षयाच्या १०७ गाठी आणि ग्लायोमा या कर्करोगी गाठींचे १०७ रुग्ण. विलायतेतला शल्यविशारद ज्या वेळी मेंदूतल्या क्षयगाठीकडे दुर्मीळ वस्तू म्हणून बघत होता, त्या वेळी परळच्या एका इस्पितळात दोन्हींची नोंद बरोबरीने मांडण्याइतके रुग्ण जमले होते. तिकडे जे.जे.मध्ये बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदानी क्षयाच्या मेंदूज्वराने बेशुद्ध झालेली मुलं वर्षानुवर्षं सांभाळत होते आणि त्यांतली जी वाचली नाहीत त्यांच्या मेंदूंचा अभ्यास विकृतिशास्त्रज्ञ दराब दस्तूर करत होते. क्षयाच्या मुलाचा मेंदू मेंदूज्वराशिवायही सुजून निकामी होऊ शकतो, हे या दोघांनी १९६६ साली दाखवून दिलं. त्या वॉर्डांत ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना फिल्मवरचं पांढरं वर्तुळ दिसल्यावर दुसरं काय आठवणार?

म्हणून मुलाला क्षयाचे औषधोपचार सुरू होत, बारा ते अठरा महिने. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होई आणि आई घाबरून डॉक्टरकडे धावे. चार-चार गोळ्या उपाशीपोटी, त्यावर फिटची गोळी वेगळी. या दोन औषधांचं आपसांत पटत नसे. आयसोनियाझिडमुळे काहींच्या रक्तात एप्टोइन साचत जाई. मूल झोकांड्या खाई, डोळे थरथरत, आणि घरच्यांना वाटे की मेंदूतली गाठ वाढते आहे. रिफाम्पिसिन उलट वागे, फिटच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण खाली आणी, आणि बंद झालेली आकडी पुन्हा येई. एप्टोइनने हिरड्या फुगत, ते वेगळंच. शेजारच्यांना ‘टीबी’ हा शब्द कळू नये म्हणून औषधाच्या बाटल्यांवरची चिठ्ठी खरवडून काढणारी घरं होती. आकडी आणि क्षय, दोन्ही एकाच पोराच्या माथी.

तीन-चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन होई, आणि अंगठी नाहीशी झालेली असे. सगळे सुटकेचा श्वास टाकत. औषध लागू पडलं, असंच कोणीही म्हणेल.

खटकलं ते वेगळ्याच रुग्णांमुळे, ज्यांनी क्षयाचं औषध घेतलंच नव्हतं त्यांच्यामुळे. १९८५ साली दिल्लीच्या डॉ. पी. के. सेठी आणि सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी अँड सायकायट्री’मध्ये अशा रुग्णांची हकिगत दिली. त्यांच्या फिल्मवर डाग उगवले होते आणि नुसत्या फिटच्या गोळ्यांवर मावळलेही होते. १९८७ साली त्याच नियतकालिकात पुण्याचे डॉ. रुस्तुम वाडिया आणि त्यांचे सहकारी मखले, केळकर, ग्रँट यांचा लेख आला. विषय होता भारतातली एका बाजूने सुरू होणारी आकडी आणि स्कॅनवर दिसणारी अंगठी किंवा चकती. पुण्यातही तेच दिसत होतं. क्षयाची गाठ इतक्या लवकर, तेही औषधाशिवाय, विरघळत नाही. मग ही काय वस्तू? काहींनी म्हटलं, गाठ हे आकडीचं कारण नसून परिणाम असेल. फिटमध्ये मेंदूचा तेवढा भाग तापतो, सुजतो, आणि फिल्मवर चमकतो. काहींनी तिला नुसतं ‘नाहीशी होणारी गाठ’ म्हणायला सुरुवात केली. नाव नाही, गाव नाही, फक्त वर्तणूक.

कोडं सुटलं वेल्लोरला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चंडी आणि वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठी प्रत्यक्ष काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. स्कॅनच्या मापांवरून गाठीची जागा नेमकी ठरवून, कवटीला लहानसं छिद्र पाडून ती काढायची, हे तंत्र तेव्हा नवं होतं. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी उत्तर छापलं: त्या गाठींत मरू घातलेली किंवा मेलेली अळी होती. डुकराच्या पट्टकृमीची, टीनिया सोलियमची अळी. ती जिवंत असते तोवर शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवत मेंदूत निवांत राहते. तिचा शेवट जवळ आला की तिचं कवच फुटतं, शरीराला परका माल सापडतो, सूज येते, आणि त्या सुजेपायी अंगठा फडफडू लागतो. फिल्मवरची अंगठी म्हणजे शरीराने त्या मढ्याभोवती घातलेला वेढा. काम उरकलं की वेढा उठतो, बहुतेकदा काही महिन्यांत.

१९९३ साली याच गटाने दोन्ही गाठी चाकू न लावता ओळखण्याची रीत सांगितली. गोल, रेखीव आणि २० मिलिमीटरपेक्षा लहान असेल, मेंदू मध्यरेषेपासून सरकलेला नसेल, तर अळी. वेडीवाकडी, त्याहून मोठी, मेंदूला ढकलणारी असेल आणि रुग्णाची शक्ती दिवसेंदिवस जात असेल, तर क्षय. फुटपट्टीने मोजता येईल अशी ही खूण. तिच्यामुळे किती मुलांचं दीड वर्षाचं औषध वाचलं, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

मुंबईने या शोधात काहीच केलं नाही असं नाही. जे.जे. आणि जसलोकमध्ये काम केलेले नोशीर वाडिया हे भारतीय मेंदूविज्ञानातलं फार मोठं नाव. त्यांनी एस. देसाई आणि मोहित भट यांच्यासह १९८८ साली ‘ब्रेन’मध्ये अळ्यांनी सर्वांगात पसरून घर केलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. मेंदूत शेकडो अळ्या, स्नायूंत अळ्या, आणि प्राझिक्वाँटेल हे कृमीनाशक दिल्यावर एकाच वेळी मरणाऱ्या अळ्यांमुळे रुग्ण उलट संकटात सापडण्याचा धोका. औषध कुठे द्यायचं नाही, हे त्यांनी सांगितलं. वैद्यकात ही माहिती औषधाइतकीच मोलाची असते.

इथे एक गोष्ट मला अजून चुटपुट लावते. ही अळी आणि आकडी यांचं नातं विलायतेत कित्येक वर्षं आधी माहीत होतं, आणि तेही भारतामुळे. आपल्या छावण्यांत राहून परत गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी, कधी कधी अनेक वर्षांनी, आकड्या येऊ लागल्या. १९३०च्या दशकात लष्करी डॉक्टर मॅकआर्थर यांनी त्याचा छडा लावला. पुढे १९६१ साली डिक्सन आणि लिप्सकॉम यांनी अशा ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. यातल्या बहुतेकांनी भारतात नोकरी केली होती. गोऱ्या सैनिकांची नोंद झाली. त्याच गावांत तेच पाणी पिणाऱ्या पोरांची नोंद कोणी केली नाही, म्हणून आपल्याला ती १९८०च्या दशकात नव्याने करावी लागली.

उत्तर मिळालं, तरी घाटकोपर-मुलुंडच्या घरांत ते पोचवणं सोपं नव्हतं. तिथली कितीतरी घरं गुजराती, कच्छी, जैन. ‘डॉक्टर, आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही, मग डुकराचा किडा कसा?’ हा प्रश्न बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येईल इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारला जाई. तो रास्तच होता. उत्तर असं, की डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतली अळी होते ती त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. सांडपाण्यावर पिकवलेली भाजी, नीट न धुतलेली कोथिंबीर, स्वयंपाक करणाऱ्याचे हात, टाकीत झिरपलेलं पाणी. शाकाहारी ताट यातून सुटत नाही. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याचा स्पष्ट पुरावा आला. न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू वस्तीत, जिथे डुकराचं मांस धर्मानेच निषिद्ध, तिथल्या लोकांच्या मेंदूत हीच अळी सापडली. घरकामासाठी लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांमधून संसर्ग पोचला होता. तो अहवाल वाचताना कोणाला मोलकरणीकडे बोट दाखवायचा मोह झाला, तर त्याने आधी तिच्या वस्तीत संडास किती आहेत ते विचारावं.

अंगठी विरघळली तरी शिक्का विरघळत नसे. मुलीच्या बाबतीत तर नाहीच. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार येणारे झटके हीसुद्धा लग्न रद्द करण्याजोगी बाब ठरली होती. बाराव्या वर्षी दोन आकड्या येऊन गेल्या, मेंदू निर्मळ झाला, गोळ्या सुटल्या, तरी स्थळ बघताना तो खाकी लिफाफा माळ्यावर ट्रंकेच्या तळाशी लपवला जाई. केईएमचे एडी भरुचा आणि इंडियन एपिलेप्सी असोसिएशनमधली त्यांच्या पिढीची माणसं समाजातल्या या भीतीशी झगडत राहिली. मुंबईच्या पारशी वस्त्यांत घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. १४,०१० लोकांमध्ये ६६ जणांना अपस्मार, म्हणजे हजारी पाचाच्या आत-बाहेर. पाहणीने नोंदलं ते हेच, की हा आजार कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात एखाद्या दाराआड असतोच. १९९९ साली संसदेने विवाह कायद्यांतून ‘अपस्मार’ हा शब्द काढून टाकला.

तोवर चित्र काढण्याचं तंत्रही बदललं होतं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, चुंबक आणि रेडिओलहरी आहेत. त्यामुळे मेंदूच्या मागच्या भागातले व्रणही नीट दिसू लागले, आणि मुंबईला दुसरं एक कोडं दिसलं. यात रुग्ण शाळकरी मूल नाही, सहा-सात महिन्यांचं बाळ असतं.

बाळ झोपेतून उठतं आणि एकदम पुढे झुकतं, हात पसरतं, मान खाली घालतं. एक क्षण. पुन्हा तेच. असं वीस-तीस वेळा. आजी म्हणते दचकतंय, कोणी म्हणतं पोटात मुरडा आहे, ग्राइपवॉटर द्या. आधी हसणारं बाळ हसेनासं होतं. १८४१ साली टनब्रिजचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’ला एक पत्र लिहून आपल्या स्वतःच्याच मुलाचं हे दुखणं वर्णिलं आणि कोणाला उपाय ठाऊक असल्यास कळवावा अशी याचना केली. लंडनच्या सर चार्ल्स क्लार्क यांनी या झटक्यांना ‘सलाम’ म्हटलं होतं. झुकून सलाम करणाऱ्या माणसाची ती आकृती आपल्याकडूनच तिकडे गेली असणार. आज या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. वेळेत ओळखून एसीटीएच किंवा स्टिरॉइड दिलं तर झटके थांबू शकतात, पण मुरड्याच्या समजुतीत आठवडे जातात.

माहीमच्या हिंदुजा इस्पितळात बालमेंदूतज्ज्ञ व्रजेश उदानी यांच्याकडे अशी मुलं येत. बोरिवलीची पश्चिम रेल्वेने थेट माहीमला उतरत, मुलुंडची दादरला गाडी बदलून येत. त्यांच्या एमआरआयमध्ये एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसू लागलं: मेंदूच्या मागच्या दोन्ही बाजू, जिथे दृष्टीचं केंद्र असतं, तिथे व्रण. अशा खुणेचं वर्णन बार्कोविच यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून १९९८ साली केलं होतं. जन्मल्यावर रक्तातली साखर फार खाली गेलेल्या बाळांमध्ये ती दिसते. व्रजेश उदानी, पिंकी मुनोत, मेहेर उर्सेकर आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी काढल्या, आयांना पुन्हा विचारलं, फिल्म्स पुन्हा पाहिल्या, आणि २००९ साली ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये निष्कर्ष मांडला. मेंदूला जुनी इजा झाल्यामुळे तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्मारात, नवजात वयात साखर उतरणं हे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं कारण होतं. पाश्चात्त्य पुस्तकांत ज्याला एका ओळीची जागा होती, ते इथे पहिल्या क्रमांकावर निघालं.

मला हा शोध अळीच्या शोधाइतकाच मोठा वाटतो, आणि जास्त जीव तोडणारा. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते. पहिले दोन-तीन दिवस बाळाची शिल्लक तुटपुंजी असते, वजन कमी असेल तर फारच. सिझेरियन झालंय, आई ग्लानीत आहे, ‘अजून दूध उतरलं नाही’ म्हणून बाळाला मध चाटवला जातो किंवा नुसतंच झोपू दिलं जातं. पहिला चीक टाकून देण्याची रीत कुठे कुठे अजून आहे. ‘शांत बाळ आहे हो, रडतसुद्धा नाही,’ असं कौतुक होतं. खरं तर ते साखरेअभावी मंदावत असतं. तिसऱ्या दिवशी एखादी आकडी येते, सलाईन लागतं, बाळ घरी जातं, पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी सलाम सुरू होतात. आईने काहीच चुकीचं केलेलं नसतं. तिला कोणी सांगितलेलं नसतं. पुष्कळ आया ती चित्रं बघून स्वतःलाच दोष देतात, म्हणून हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे.

२००९ सालीच अंधेरी पश्चिमेला चार बंगल्याजवळ कोकिलाबेन अंबानी इस्पितळ उघडलं. अपस्मारावर शस्त्रक्रियासुद्धा उपनगरात होऊ लागली. औषधांना न जुमानणारी आकडी मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून उठते ते एमआरआय, पेट आणि व्हिडिओ ईईजीने शोधायचं आणि तो भाग काढायचा. १९९०च्या सुमारास अमेरिकेत हॅरी चुगानी यांनी पेट स्कॅनने सलाम करणाऱ्या काही बाळांच्या मेंदूतला असा बिघडलेला तुकडा दाखवला होता. स्कॅन सेंटरं तर आता मुलुंडच्या, बोरिवलीच्या गल्लीत आहेत. परळची स्लो लोकल चुकली, फिल्मऐवजी सीडी किंवा मोबाइलवरची लिंक आली. पण साखर उतरल्याने झालेला मागचा व्रण दोन्ही बाजूंना आणि पसरलेला असतो; तो बहुधा कापून काढता येत नाही. तिथे सर्वांत महागडं यंत्र फक्त एवढंच सांगू शकतं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय घडलं होतं.

त्या दुसऱ्या दिवशीचं साधन वेगळंच आहे. प्रसूतीच्या वॉर्डात रात्री दोन वाजता नर्स कमी वजनाच्या, न रडणाऱ्या बाळाची दुलई बाजूला करते, टाच पुसते, सुईने टोचते आणि रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेते. आकडा यायला काही सेकंद लागतात. मग ती आईला उठवते, उशी लावून देते आणि बाळाला छातीशी धरायला मदत करते.